पुसलेली यादी

कुणी गाडीची तक्रार सांगायला लागलं की ती तळहात पुढे करून थांबवायची. "थांब, आधी तिला बोलू दे." 'तिला' म्हणजे गाडीला. मग ड्रायव्हरच्या दाराशी गुडघे टेकून स्टिअरिंगखाली हात घालायची, तिथल्या सॉकेटमध्ये केबल खोचायची आणि दुसरं टोक लॅपटॉपला लावायची.

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात ती माझी शेजारीण. चाकणच्या कारखान्यात नऊ वर्षं तिने इंजिनांचं सॉफ्टवेअर तपासलेलं. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागात नोकरी लागली, म्हणून आली. तीन वर्षं अर्ज करत होती. सगळीकडून एकच प्रश्न, "लोकल एक्सपिरियन्स?" कुणी कामच दिलं नाही तर इथला अनुभव येणार कुठून? तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मी तसं एक माणूस रोज कुंपणापलीकडे बघत होते.

एकदा शहरातून खाली उतरताना, डोंगराच्या ऐन उतारावर माझ्या गाडीचं इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि मागून ट्रकचा भोंगा. मागच्या सीटवर पुण्याहून आलेली आई. कशीबशी गाडी कडेला घेतली. आई एवढंच म्हणाली, "घरी जाऊ या."

गाडी टो करून गॅरेजला गेली. दोन दिवसांनी काउंटरवरचा माणूस हसत म्हणाला, "काही फॉल्ट नाही, लव्ह. तुझाच पाय कुठेतरी चुकला असेल." मी खजील होऊन गाडी घरी आणली. खरंच पाय चुकला असेल, असं मलाही वाटायला लागलं होतं.

तिने केबल लावली. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"गाडीच्या मेमरीतली फॉल्टची यादी पुसल्यापासून गाडी किती चालली, ते हे. सहा किलोमीटर. गॅरेज किती लांब आहे?"

"सहा."

"म्हणजे यादी होती. यांनी पुसली. डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझवला, गाडी परत दिली, आणि वर तुला म्हणतात पाय चुकला!" तिने लॅपटॉप फाटकन मिटला. "आई होती ना गं मागे?"

दुसऱ्या दिवशी शेतांमधल्या रिकाम्या रस्त्यावर मी गाडी चालवली, ती शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. इंजिन चांगलं तापल्यावर पुन्हा बंद पडलं. "सापडलं," ती म्हणाली. इंजिनाच्या फिरण्यावर लक्ष ठेवणारा एक छोटा सेन्सर तापला की गप्प बसत होता.

गॅरेजला आम्ही दोघी गेलो, सोबत तिचा नवरा. ती सगळं नीट इंग्रजीत समजावत होती. काउंटरवरचा माणूस ऐकत होता, पण बघत होता तिच्या नवऱ्याकडे. शेवटी त्यालाच विचारलं, "काय म्हणतेय ती, मेट?"

"मला टायरसुद्धा बदलता येत नाही," नवरा म्हणाला. "तिला विचार."

मग मालक बाहेर आला. "फॉल्टचे कोड तर आम्ही नेहमीच क्लिअर करतो, मॅडम."

"फॉल्ट नव्हताच म्हणालात ना? मग क्लिअर काय केलंत?"

मालकाचे कान लाल झाले. सेन्सर बदलून मिळाला. सॉरी मात्र कुणी म्हणालं नाही.

आठवड्याने मालकाचा तिला फोन आला. ती इस्त्रीचा शर्ट घालून गेली. नोकरी देऊ केली रिसेप्शनवर, फोन घ्यायची. "तू कस्टमरशी छान बोलतेस," म्हणाला. ती "नो वरीज" म्हणून बाहेर आली आणि गाडी सुरू न करता दहा मिनिटं तशीच बसून राहिली. हे तिने मला कणीक मळताना सांगितलं. एवढी मळली की चिंगम झालं. त्यावर आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता तिने परातीवरच डोळे पुसले.

गेल्या थंडीत ती गेली. खूप आत, पश्चिमेकडच्या एका खाणीत. तिथल्या अजस्र डंपरना लॅपटॉप लावायचं काम मिळालं. लोकल एक्सपिरियन्सचं तिथे कुणी विचारलंही नाही. लेकीची शाळा आहे म्हणून लेक आणि नवरा इथेच. दोन आठवडे काम, एक आठवडा घरी, तेही विमान मिळालं तर.

परवा लेक कुंपणाशी उभी होती. मी म्हटलं, "आई कधी येणार गं?"

"नेक्स्ट थर्सडे." मग माझ्याकडे सरळ बघत तिने विचारलं, "आंटी, व्हाय कुडन्ट शी डू इट हिअर?"

नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? ती उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.