निरीक्षण वहीतलं पान

सिद्रामप्पा गुरुजी आज पहाटे गेले.

सकाळी सात वाजता त्यांच्या मुलीचा, महानंदाचा, फोन आला. "अप्पा गेले, काका," एवढंच म्हणाली.

तुमच्यापैकी फार थोडे त्यांना ओळखत असतील. माझ्यामुळे त्यांचं काय झालं, हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पेपरात येण्याआधी मी मंगळवेढा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो.

खेड्यातल्या शाळांत पाचवीपासून इंग्रजी शिकवायचं होतं. आणि शिकवणाऱ्या कित्येक गुरुजींनी स्वतः इंग्रजीचं पुस्तक कधी उघडलेलं नव्हतं. सातवी पास, मग ट्रेनिंग, मग मास्तर.

त्यांच्यासाठी मंगळवेढ्याला तीन आठवड्यांचा वर्ग ठेवला.

शिकवायची पद्धत शिकायला मलाही त्यात बसवलं. मी बावीसचा, मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेला. गुरुजी छत्तीसचे. घरी कन्नड, शाळेत मराठी. एबीसी त्यांनी त्या वर्गात गिरवली.

"दोन भाषांवर भागलं की रे आजवर," ते म्हणायचे. "ही तिसरी म्हातारपणी कुटनं गळ्यात पडली?"

छत्तिसाव्या वर्षी म्हातारपण! आम्ही हसायचो. ते पण हसायचे.

पण आतून घाबरलेले होते. ज्याला इंग्रजी जमणार नाही, त्याची बदली चौथीपर्यंतच्या शाळेवर होणार होती. गुरुजींच्या गावची शाळा सातवीपर्यंत. घरी अंथरुणाला खिळलेली आई, बायको आणि चार वर्षांची महानंदा.

"गाव सुटलं तर आईला उचलून बसवायचं कुनी? हिच्या एकटीच्यानं हुतंय व्हय?"

वर्ग घेणाऱ्या साहेबांचा एक नियम कडक होता. इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहून वाचायचं नाही. सापडलं की नापास.

एका संध्याकाळी गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "तुला म्हनून दावतो." हजेरीपत्रक उघडलं. आत कागद चिकटवलेला. सगळा पाठ देवनागरीत.

त्यातल्या दोन-तीन चुका मीच दुरुस्त करून दिल्या.

शेवटच्या आठवड्यात नमुना पाठ. एकाने तिथल्या मुलांना शिकवायचं, दुसऱ्याने मागे बसून निरीक्षण वहीत पानभर लिहायचं. लिहायचं काय, ते ठरलेलं असायचं. "पाठ परिणामकारक झाला." खाली सही. सगळे एकमेकांना असे सांभाळून घ्यायचे.

गुरुजींच्या पाठाला निरीक्षक मी होतो.

त्यांनी पिशवीतून ज्वारीचं कणीस काढलं. मग दोर. मग तांब्या. मग एक दगड, तो मुद्दाम जड असल्यासारखा दोन्ही हातांनी. "व्हॉट इज धिस?"

मुलं हसली आणि बोलायला लागली. आठवडाभर एकाही मास्तरपुढे तोंड न उघडलेली, शेवटच्या ओळीतली एक मुलगी आपणहून उभी राहिली. पूर्ण वाक्य बोलली.

मी मागे बसून लिहीत होतो. इंग्रजीत. वळणदार अक्षरात. गुरुजींचा कुठला उच्चार कुठे चुकला, सगळं. आणि शेवटी हेही, की शिक्षक हजेरीपत्रकात लपवलेली देवनागरी वाचून शिकवतात.

त्यांचं वाईट करावं असं मनात नव्हतं. साहेबांना माझं इंग्रजी दिसावं, एवढंच मनात होतं.

दिसलं. साहेबांनी ते पान सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

गुरुजींनी कणीस, दोर, तांब्या, दगड पुन्हा पिशवीत भरले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "इंग्रजी चांगलं हाय की तुझं."

जूनमध्ये त्यांची बदली झाली. माळशिरस तालुक्यात, एका वस्तीवरच्या शाळेत. घरची माणसं गावीच राहिली. मला पुढच्या वर्गाला शिकवायला बोलावलं.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यांची बायको तापाने गेली.

शाळेत तार आली. इंग्रजीत. त्यांच्यासोबतच्या मास्तरांनी मला नंतर सांगितलं, गुरुजींनी ती कुणाकडे वाचायला दिली नाही. एकेका अक्षरावर बोट ठेवून स्वतः वाचली.

एसट्या बदलत ते गावी पोचले, तेव्हा माती झालेली होती.

त्याच वर्षी मी नोकरी सोडली. पुढे पन्नास वर्षं लोकांच्या चुकांच्या बातम्या केल्या.

गुरुजी लग्नाकार्यात भेटायचे. पेपर कसा चाललाय विचारायचे. त्या पानाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

आज फोनवर महानंदाला सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाली, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"ल्हानपनापासनं. अप्पांनीच सांगितलं व्हतं."

"मग तुम्ही कधीच कसं बोलला नाहीत?"

"तुमी बोलायचं व्हतं की, काका. अप्पा वाट बघत व्हते."



"मातीला या," ती म्हणाली. "आन् दोन शब्द बोला. तुमाला येतंय बोलायला."

माती आज दुपारी चारला, गावी, त्यांच्या शेतात. मी आता सोलापूरहून निघतोय.

त्या पानावर एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ती तिथं सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्या दिवशी वर्गातलं प्रत्येक मूल बोललं होतं.

गुरुजी, पाठ परिणामकारक झाला होता.

शेवटचा नमस्कार.