मागाच्या खड्ड्यातले वकील

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याचं स्वतःचं घर असणार. निजामाच्या राज्यात, औरंगाबादेत, आमच्या नवाबपुऱ्यातली गल्ली सगळी भाडेकरूंची होती, आणि घरमालकांना शुक्रवार फार आवडायचा. शुक्रवारी सरकारी सुट्टी, अदालत बंद. सामान रस्त्यावर फेकलं तरी त्या दिवशी दाद मागायची कुणाकडे?

म्हणूनच हबीब वकील शुक्रवारी बसायचे. नमाज झाली की गुलमंडीवरच्या चहाच्या हॉटेलात ते आणि त्यांचे दोस्त काकासाहेब वकील भाडेकरूंची गाऱ्हाणी फुकट ऐकत. एरवी हे दोघं अदालतीत एकमेकांविरुद्ध उभे राहून कडाकडा भांडत. हबीब वकील अंगानं अघळपघळ, जिलबीचे शौकीन आणि भयंकर तापट. अशा माणसाकडे गरिबानं जायचं तरी कसं, असं मला वाटायचं. पण तो राग कुणावर निघतो, हे गरिबांना बरोबर ठाऊक होतं.

एका शुक्रवारी आमच्या शेजारच्या गुलशनबींकडे घरमालक फारूख सेठची माणसं घर रिकामं करायला आली. सेठला त्या जागी गोदाम बांधायचं होतं. गुलशनबी विधवा, हिमरूचं नक्षीदार कापड विणून दोन पोरींना वाढवत होत्या. भाडं कधी थकलं नव्हतं. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. विणणाऱ्यानं खड्ड्यात पाय सोडून बसायचं. ताणा, म्हणजे उभे धागे, चढवलेला माग उपसला की सगळं गुंतणार, कापड जाणार आणि घरातली चूलही विझणार. माझी आई, चतुराबाई, अनवाणीच गुलमंडीला धावली.

दोघं वकील आले. समजावून झालं, कायदा सांगून झाला. माणसं ऐकेनात, तेव्हा हबीब वकिलांनी जोडे काढले आणि मागाकडे निघाले. काकासाहेबांनी त्यांची बाही धरली.

"हबीबभाई, तू बी फारूख सेठचाच भाडेकरू हायेस. उद्या तुझी पाळी येईल, इचार कर."

हबीब वकिलांनी बाही सोडवून घेतली, शेरवानी सावरली आणि खड्ड्यात पाय घालून मागावर बसले.

"पैले मेरेकू उठाव," ते सेठच्या माणसांना म्हणाले, "फिर माग उठाव."

वकिलाच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. ते दुसऱ्या दिवसापर्यंत तिथंच बसले, बसल्या बसल्या घोरलेसुद्धा. शनिवारी अदालत उघडताच काकासाहेब मुन्सिफांपुढं उभे राहिले आणि दुपारी मनाई हुकूम घेऊन आले. वकीलसाहेबांचे पाय पार बधिर झाले होते. तिघांनी धरून त्यांना वर ओढलं तेव्हा आई इतकी हसली की शेवटी तिला रडू फुटलं. पुढं खटल्याचा निकालही गुलशनबींच्याच बाजूनं लागला.

सेठनं मात्र डूख धरला. थंडी पडू लागली तशी एका शुक्रवारी तीच माणसं हबीब वकिलांच्या दारात उभी राहिली. वकीलसाहेब मशिदीत गेलेले, घरात त्यांच्या बीबी, ताहेराभाभी, एकट्याच. बातमी आमच्या गल्लीत कुणी आणली कोण जाणे. पण घराघरांतल्या मागांची खटखट एकाएकी बंद पडलेली मी ऐकली, आणि सगळी गल्ली उठून चालू लागली. त्या दिवसाचा मला अजून अभिमान वाटतो.

नमाज आटपून वकीलसाहेब परतले तर त्यांच्याच घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर, पलंगावर, चुलीपुढं माणसंच माणसं. दारातच गुलशनबी मांडी ठोकून बसल्या होत्या. एरवी चार शब्द न बोलणारी ती बाई सेठच्या माणसांना सांगत होती, "पैले मेरेकू उठाव."

माणसं थोडा वेळ घुटमळली आणि निघून गेली. तापट हबीब वकिलांनी जोडे काढले, डोळे पुसले, आणि माझ्या आईला जरा सरकायला सांगून ओट्यावर आमच्यातच बसले.