संहितेत नसलेली वाक्यं

नव्वदच्या दशकात मी नाशकात एका कॉलेजात मराठी शिकवायचे आणि फावल्या वेळात नाटकं सुचवायचे. खरं तर वेळ सगळा नाटकांत जायचा, पगार तेवढा मराठीचा मिळायचा. गणपती उठले की एकांकिका स्पर्धांचे वेध लागत आणि चांदवड, कळवण, देवळ्याकडचे प्राध्यापक आमच्या घराची बेल वाजवत. दिवाळी अंकांतून कापलेल्या, लेखकांच्या मागे लागून मिळवलेल्या संहितांचा ढीग आमच्या जेवणाच्या टेबलावर असे आणि आम्ही चौघं खाली बसून जेवत असू. नवरा म्हणायचा, निदान दुकानाची वेळ तरी दारावर लिहून लाव.

आलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असत. पात्रं किती, त्यांत मुली किती, सेट किती, मिनिटं किती. एकांकिकेत घडतं काय, हे मला त्या सगळ्या वर्षांत क्वचितच कोणी विचारलं असेल. बहुतेकांना गेल्या वर्षी बक्षीस मिळालेल्या एकांकिकेसारखीच, पण नवीन एकांकिका हवी असे. त्या काळात बक्षीस काळ्या कपड्यांना मिळायचं. काळा झब्बा घातलेली सहा मुलं रंगमंचावर सरपटायची, त्यांना समाज म्हणायचं, आणि मधोमध एक वेडा उभा राहून शहाण्यासारखं बोलायचा. मला त्या वेड्याचा इतका वीट आला होता की संहितेच्या पहिल्या पानावर तो भेटला तर मी दुसरं पान उघडत नसे. मला नवं हवं होतं आणि नवं काय ते मलाच कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

एका वर्षी देवळ्याहून एक सर आले. विषय रसायनशास्त्र, पण कॉलेजात बाकी कोणी तयार नसल्यामुळे नाटक त्यांच्या गळ्यात पडलेलं. बरोबर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. ही आमची प्रॉम्प्टर, सरांनी ओळख करून दिली. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली आणि टेबलावरचा ढीग बघत राहिली. पोहे पुढे ठेवले तरी तिचं लक्ष तिकडेच. मी मात्र सरांशी बोलत होते, कारण नाटक सुचवायचं ते सरांना, असं मी धरून चालले होते.

मी त्यांना पुण्याच्या एका लेखकाची अगदी ताजी एकांकिका दिली. निवृत्त वडील कोणी सांभाळायचे यावरून तीन भाऊ फ्लॅटमधल्या डायनिंग टेबलाभोवती बसून भांडतात, एवढीच गोष्ट. फार सूक्ष्म आहे, मी सरांना बजावलं, एकही शब्द इकडचा तिकडे करू नका. सरांनी मान डोलावली आणि मुली किती ते विचारलं. एकही नाही म्हटल्यावर ते खूश झाले. त्यांच्या कॉलेजातल्या मुली साडेचारच्या एसटीनं गावोगावी परत जात, त्यामुळे संध्याकाळच्या तालमीला त्या नसतच; ही एक देवळ्यातच राहणारी, म्हणून प्रॉम्प्टर झालेली. आयोजकांकडे द्यायची झेरॉक्स प्रत मी आधीच काढून ठेवली होती. मूळ प्रत मुलीनं पिशवीत घातली. ती त्यावरून प्रत्येक नटाची नक्कल, म्हणजे त्याच्या त्याच्या वाक्यांचे कागद, हातानं उतरवून काढणार होती. तिकडे अजून तशीच पद्धत होती.

स्पर्धेला मीच परीक्षक होते. पेपर काढणाऱ्यानंच तो तपासावा यात तेव्हा कोणाला काही वावगं वाटत नसे. माझ्याबरोबर एक निवृत्त नट आणि नाटकाचे शौकीन एक डॉक्टर होते. दोघांनीही संहितांचे गठ्ठे उघडले नव्हते. परीक्षकानं आधी वाचलं तर नाटकाचा ताजेपणा जातो, असं नट मला म्हणाले. नियम मात्र कडक होता. जमा केलेली संहिता आणि प्रयोग यांत फरक आढळला तर संघ बाद. तो फरक शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आमच्या टेबलावर एक छोटा दिवा होता. त्याच्या उजेडात मी पानं उलटत बसे.

दुपारी देवळ्याचा पडदा उघडला आणि माझं डोकं फिरलं. डायनिंग टेबल नव्हतंच. रंगमंचावर कांद्यांचा ढीग होता आणि तिघं भाऊ पोत्यांवर बसून कांदे निवडत होते. चांगले एका बाजूला, सडके मागे भिरकावून. माझ्या मांडीवरच्या संहितेत थोरला भाऊ म्हणत होता, "वडील ही विभागून घेण्याची वस्तू नव्हे." समोरच्या थोरल्यानं एक सडका कांदा मागे फेकला आणि म्हणाला, "बाप काय कांदा शे का, निवडीसन वाटाले?"

सभागृह हसलं, आणि मग एकदम गप्प झालं. मी पेन्सिल उचलली होती ती तशीच हातात राहिली. बाद करायचंच, असं मी दोन मिनिटं घोकत होते. पुढे संहिता कुठे आणि प्रयोग कुठे याचा पत्ताच लागेना. पुण्याच्या लेखकाचे भाऊ एकेक पान बोलत. हे भाऊ अर्धं वाक्य बोलायचे आणि कांदे निवडायला लागायचे, आणि त्या उरलेल्या अर्ध्या वाक्यात सगळं समजायचं. मी पान उलटायचं सोडून दिलं. शेवटी म्हातारा आत येतो, ढिगाशी बसतो आणि मुलांनी टाकलेला एक कांदा उचलून त्याचा सडका भाग तेवढा काढून बाकीचा चांगल्यांत ठेवतो. संहितेत असलं काही नव्हतं. मला रडू आलं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. तेव्हा मात्र वाटली होती आणि मी चष्मा पुसण्याचं नाटक केलं होतं.

परीक्षकांच्या खोलीत डॉक्टर भारावून म्हणाले की लेखनाचं बक्षीस दुसऱ्या कोणाला देताच येणार नाही. नटांनी दुजोरा दिला. माझ्याकडे दोघांनी पाहिलं तेव्हा मी फक्त मान हलवली. खरं बोलले असते तर देवळ्याचा संघ बाद झाला असता. आणि मीच सुचवलेल्या नाटकात कांदे भरले गेले हेही कबूल करावं लागलं असतं. यांतलं पहिलं कारण मोठं होतं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले.

लेखनाचं बक्षीस पुण्याच्या लेखकाला जाहीर झालं. मागच्या रांगेत देवळ्याच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रॉम्प्टर मुलगीही वाजवत होती. मी समारंभ संपायच्या आत बाजूच्या दारानं निघाले, कारण सर भेटले असते तर त्यांनी कसं झालं म्हणून विचारलं असतं आणि काय उत्तर द्यावं ते मला सुचत नव्हतं. महिन्याभरानं लेखकाचं पत्र आलं. ग्रामीण विद्यार्थ्यांनीही आपली सूक्ष्मता नेमकी पेलली याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं होतं. मी उत्तर पाठवलं नाही.

पुढच्या वर्षी गणपती उठले आणि देवळ्याचे सर पुन्हा दारात. मुलगीही होती, आता तिसऱ्या वर्षाला. मी जरा घाबरत घाबरतच गेल्या वर्षीचा विषय काढला. सर अगदी मोकळेपणानं म्हणाले की मुलांना ती वाक्यं काही केल्या तोंडात बसत नव्हती, म्हणून हिनं नकला उतरवताना थोडं सोपं केलं. कांद्यांचं पण हिचंच, टेबल कुठून आणणार होतो आम्ही? एवढं सांगून ते घरी फोन लावायला कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेले.

मी तिच्याकडे वर्षभरात पहिल्यांदा नीट पाहिलं. आणि तिला माहीतच नसणार असं समजून मी सांगायला लागले की मला सगळं कळलं होतं, पण नियमामुळे बोलता आलं नाही.

"मला माहिती होतं मॅडम," ती म्हणाली. "मी विंगेत उभी होते. तिथून तुमचा दिवा दिसायचा. दुसऱ्या पानानंतर तुम्ही पान उलटलंच नाय."

मी टेबलावरचा ढीग उगाच सारखा करायला लागले.

"तिथं नाय बोललात ते बरंच झालं. आमची पोरं बाद झाली असती." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "पण मला वाटलं, नंतर मागं येऊन मला तरी सांगाल, कसं झालं ते. आम्ही शेवटची गाडी सोडून थांबलो होतो."

इतकी वर्षं नवं नाटक, नवं नाटक म्हणून मी सगळ्या जिल्ह्याला सांगत फिरले. ते लिहिणारी मुलगी माझ्याच घरात पोहे खाऊन गेली होती, आणि छान झालं एवढे दोन शब्द तिला सांगायला मी मागे गेले नव्हते. मला खूप वाईट वाटलं. मी तसं म्हटलंही. फार छान झालं होतं, मी रडले होते, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. ती लाजली नाही. पिशवीतून तिनं एक दोनशेपानी वही काढली आणि ढिगावर न ठेवता माझ्या हातात दिली.

"हे नवीन आहे. सगळं माझंच. वाचा, आणि आता बोला."

मी तिच्यासमोरच बसून वाचलं. सर परत आले, चहा झाला, तरी वाचतच होते. मग तिला सांगितलं की त्यातली म्हातारी फार उत्तम उतरली आहे, पण दुसरा प्रवेश लांबला आहे, निम्मा कापावा लागेल. तिनं एक ओळही कापायला नकार दिला. मी आवाज चढवला, तिनंही चढवला. देवळ्याची साडेचारची गाडी गेली, सहाची गेली, सर घड्याळाकडे बघून थकले, आणि आम्ही दोघी त्या प्रवेशावरून भांडतच होतो.