मामासाहेब आणि दुखण्यांची नावं

पोट, कंबर आणि डोकं एवढ्या तीन शब्दांवर अख्खं इंदूर आजारी पडायचं, आणि या अन्यायाविरुद्ध एकट्यानं उभा राहिलेला माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आम्ही सगळे त्यांना मामासाहेब म्हणायचो. बंद गळ्याचा दरबारी कोट, बगलेत कापडी बांधणीची जाड वही, आणि डावा कान जरा अधू असल्यामुळे उजवा कान पुढे करून चालायची लकब. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटावं की हा गृहस्थ रस्त्याचंच काही गुपित ऐकत निघाला आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा आवाज मोठा असतो. मामासाहेबांचाही होता. आणि ज्या विषयावर ते बोलत, तो विषय त्या काळी नवरा-बायकोही दिवा मालवल्याशिवाय काढत नसत.

होळकरांच्या राज्यात ते हुजूर कचेरीत इंग्रजी कागदांचं मराठी करत. संस्थान गेलं, मध्य भारत आला, कारभार हिंदीत गेला, आणि दरबारच्या भाषांतरकारांना कुठं बसवायचं हा प्रश्न पडला. मामासाहेबांच्या वाट्याला आरोग्याकडचं एक टेबल आलं. तिथं स्त्री-पुरुषांच्या गुप्त दुखण्यांवरची एक इंग्रजी पुस्तिका होती आणि आधीच्या कोणा कारकुनानं केलेला तिचा तर्जुमा होता. त्या पठ्ठ्यानं शरीराच्या खासगी भागाला ‘खासगी विभाग’ असं लिहून ठेवलं होतं. ‘खासगी विभागाची स्वच्छता रोज राखावी, तेथे दुर्गंधी आढळल्यास त्वरित कळवावे,’ हे वाक्य शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या कारकुनानं वाचलं. त्यांची उभी हयात राजघराण्याच्या खासगी खात्यात गेली होती. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि आधी आपल्या खात्यावरचा आरोप सिद्ध करा म्हणून दोन दिवस कामाला हात लावला नाही. पुढं ‘सोशल डिसीझ’ला, म्हणजे शरीरसंबंधातून लागणाऱ्या रोगांना, ‘सामाजिक रोग’ म्हटलं होतं. तो मजकूर एका शाळेत वाचून दाखवायला गेलेल्या मास्तरांनी हुंड्यावर तासभर भाषण दिलं आणि टाळ्या घेतल्या.

मामासाहेबांनी तो तर्जुमा बाजूला ठेवला आणि वहीत पाच रकाने आखले. डॉक्टर काय म्हणतात, पुस्तकात काय लिहितात, बाजारात काय म्हणतात, गिरणीत काय म्हणतात, आणि शेवटचा, सगळ्यात रिकामा रकाना, बायका आपसांत काय म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. डॉक्टरला इंग्रजी नाव ठाऊक, रोग्याला बोलीतलं नाव ठाऊक, आणि दोघांच्या मध्ये रोग आरामात पाय पसरून बसलेला. “ज्याचं नाव सांगता येत नाही, जावईबापू, त्याचं औषध मागायचं कसं? एकदम साफ बात है,” असं ते मला म्हणायचे. मी शाळेत गणित शिकवत होतो. मला त्यात खोट काढता येत नसे.

शब्द गोळा करायची त्यांची रीत मात्र साफ नव्हती, भयंकर होती. एकदा भाचीच्या बांगड्या उजळायला ते मला घेऊन सराफ्यात गेले. सराफ काटा धरून बसलेला, दुकानात चार गिऱ्हाइकं. मामासाहेबांनी उजवा कान पुढं केला आणि कथेकरी बुवांच्या आवाजात विचारलं, “सेठजी, लघवीच्या जागी जळजळ होते, पू येतो, त्याला शहरात सुजाक कहते हैं. आपके मालवे के गाँवों में क्या कहते हैं?” दोन गिऱ्हाइकं तिथल्या तिथं उठली. मी एका चांदीच्या गणपतीकडं अतिशय भक्तीनं बघू लागलो. सराफानं मान खाली घालून एक शब्द सांगितला, मामासाहेबांनी तो लिहून घेतला. आम्ही दहा पावलं गेलो असू, तोच तो पेढी सोडून मागून आला आणि त्यांच्या अधू कानाशी कुजबुजू लागला की मेरे एक दोस्त को ऐसी तकलीफ है. त्याला ते तीनदा म्हणावं लागलं, तिसऱ्यांदा बरंच मोठ्यानं. मामासाहेबांनी त्याला परदेशीपुऱ्यातल्या, गिरणीकामगारांच्या वस्तीतल्या दवाखान्याचा पत्ता आणि वेळ सांगितली, आणि दोस्ताला एकटं वाटू नये म्हणून आपणही बरोबर यावं असं सुचवलं. पुढं ते नेहमी म्हणायचे, या शहरात सगळ्यात आजारी माणूस एकच आहे आणि त्याचं नाव ‘मेरा एक दोस्त’.

त्या दवाखान्यात ते शनिवारी कचेरी सुटल्यावर जाऊन बसत. कुणी बोलावलं नव्हतं. तिथले तरुण डॉक्टर मुंबईहून शिकून आलेले, हिंदी पुस्तकी, आणि समोर खानदेशापासून अवधपर्यंतचे गिरणीकामगार. एकदा एका विणकरानं सांगितलं की साहब, गर्मी हो गयी है. डॉक्टरांनी त्याला कैरीचं पन्हं प्यायला आणि दुपारी सावलीत राहायला सांगितलं. बाकावरून मामासाहेब उठले. इथं गरमी म्हणजे ऊन नव्हे, उपदंश, हे त्यांनी डॉक्टरांना सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं समजावलं. डॉक्टर चिडले, पण त्यांनी माणसाला आत नेऊन तपासलं, आणि त्याची सुया-औषधं सुरू झाली. मामासाहेबांचं तेवढ्यानं भागेना. त्यांनी विणकराला बाजूला घेऊन सांगितलं की बायकोलाही आण, हा रोग जोडीनं राहतो, एकट्यानं औषध घेऊन जात नाही. तो चार शनिवार टाळत राहिला आणि पाचव्या शनिवारी घेऊन आला. त्यानंतर डॉक्टरांनी आपल्या टेबलाशेजारी मामासाहेबांसाठी एक खुर्ची ठेवली, फक्त हळू बोलायची अट घातली. ती अट त्यांना ऐकू आली नसावी.

आमच्या घरी मात्र त्यांना खुर्ची नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदाच ते रामबागेत आमच्याकडं आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेता घेता त्यांनी आपल्या भाचीला, म्हणजे माझ्या कुसुमला, पाळी वेळेवर येते ना, असं विचारलं. माझी आई दाराआड होती. आमच्या घरात त्या गोष्टीला ‘कावळा शिवला’ यापलीकडं शब्द नव्हता, आणि कावळाही पुरुषांसमोर उडत नसे. आईनं कुसुमला आत बोलावून घेतलं, आणि मामासाहेब गेल्यावर मला सांगितलं की तुझे मामेसासरे विद्वान असतील, पण या घरात पुन्हा यायचं तर तोंड बंद ठेवून यावं. आई कडक होती. अलीकडं जास्तच झाली होती. भजनाला जाणं तिनं सोडलं होतं, हळदीकुंकवाला जात नसे, घागर कुसुमलाच उचलायला लावी, जिना चढताना मध्येच थांबून उगाच कुणावर तरी ओरडे. वयानं स्वभाव तापट होतो, असं आम्ही धरून चाललो होतो. विचारलं तर पोट दुखतं म्हणे, आणि मी ओवा आणून देई.

असाच एकदा मामासाहेबांना दाराशीच चहा दिला गेला. आई चौकटीशी उभी होती. तिला खोकल्याची उबळ आली, आणि तिनं एका हातानं चौकट गच्च धरून दुसरा हात ओटीपोटाखाली दाबला. एवढंच. मामासाहेब काही बोलले नाहीत, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी त्यांची वही कुसुमकडं आली. बायकांचा रकाना कच्चा आहे, जाणत्या बाईकडून तपासून घे, असा निरोप होता.

कुसुमनं ती दुपारी भाजी निवडताना काढली. तिला स्वतःला निम्मे शब्द ठाऊक नव्हते, म्हणून ती चाचरत सासूला विचारू लागली. आई आधी रागावली. मग अंगावर पांढरं जाण्याला वहीत एक शब्द चुकीचा होता, तो तिला सहन झाला नाही आणि तिनं दुरुस्त केला. मग दुसरा. मेथीची जुडी संपेपर्यंत रकाना भरत आला. शेवटी एक ओळ होती, बाळंतपणानंतर पिशवी खाली सरकते, तिची. तिथं पुस्तकी शब्द होता, बायकांचा नव्हता. आई म्हणाली, “अंग बाहेर येतं, असं म्हणतात. खोकलं की जास्त. संध्याकाळपर्यंत उभं राहवत नाही.” कुसुम लिहीत होती, ती थांबली. तिनं वर पाहिलं नाही. तिनं एवढंच विचारलं की किती वर्षं झाली. आई म्हणाली, धाकटीच्या वेळेपासून. माझी धाकटी बहीण तेव्हा अकरा वर्षांची होती.

पुढचं सगळं मामासाहेबांनी ठरवलं. तुकोगंजात एक डॉक्टरीणबाई बसत. आधी ते स्वतः जाऊन पाहून आले की दवाखाना तळमजल्यावर आहे, बायकांची बसायची खोली वेगळी आहे, आणि कुठल्या दिवशी गर्दी कमी असते. टांगाही त्यांनीच आणला. आई, कुसुम आत गेल्या आणि मामासाहेब रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली, दवाखान्याकडं पाठ करून, दोन तास उभे राहिले. कुणी ओळखीचं दिसलं तर त्याला त्यांनी दुसऱ्या रस्त्यानं घालवलं.

आतलं मला कुसुमनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी काय होतं म्हणून विचारलं. कुसुम बोलणार, तोच आईनं तिच्या हातावर हात ठेवला आणि स्वतःच म्हणाली, “मेरा अंग बाहर आता है. ग्यारह साल से.” बाई कागदावर लिहिता लिहिता सहज म्हणाल्या की बहुतों को होता है, इलाज है. यावर आई रडायला लागली, आणि बराच वेळ थांबेना. बाईंना वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. अख्ख्या इंदुरात असं होणारी आपण एकटीच, असं ती अकरा वर्षं समजत होती.

बाईंनी तपासून आधाराचं एक रबरी कडं बसवून दिलं आणि ठरावीक महिन्यांनी येत राहायला सांगितलं. पंधरा दिवसांनी आई भजनाला गेली आणि शेवटच्या आरतीपर्यंत मांडी घालून बसली. जिन्यावरचं ओरडणंही संपलं. म्हणजे अगदी संपलं नाही, स्वभाव थोडा होताच. मामासाहेबांना आमच्या बैठकीत खुर्ची मिळाली. आई अजूनही दाराआडूनच बोले, पण शेजारणींकडून ऐकलेला एखादा नवा शब्द कुसुमच्या हाती बाहेर पाठवी, आणि मामासाहेब “वा विहीणबाई” म्हणून तो इतक्या मोठ्यानं वाचून दाखवत की आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावे.

पुस्तिका अखेर छापून आली. मामासाहेबांचे सगळे शब्द वरच्या कुणीतरी असभ्य म्हणून काढून टाकले होते आणि सगळीकडं ‘विशेष तक्रारी’ असं घातलं होतं. शनिवार आला तसे मामासाहेब वही बगलेत मारून परदेशीपुऱ्यात गेले.

मध्य भारत मोडून नवं राज्य झालं, त्याच वर्षाच्या थंडीत ते गेले. मूल-बाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली, म्हणून दिवस आम्हीच केले. तेराव्याला दारासमोर पंधरा-वीस माणसं उभी होती. गिरणीतले कामगार, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, एक सराफ. कुणी आत येईना. मी बाहेर जाऊन विचारलं की आपली त्यांची ओळख कुठली. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक म्हातारा विणकर म्हणाला, “बस भिया, पहचान थी.” त्याच्या बायकोनं मान खाली घातली. मी पुन्हा विचारणार होतो, पण तेवढ्यात आई दारापर्यंत आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी उंबऱ्याबाहेर आली नव्हती. ती सरळ पायऱ्या उतरून खाली गेली, तिनं त्या बाईचा हात धरला आणि म्हणाली, “अंदर आओ बाई. माझी पण त्यांच्याशी तशीच ओळख.”