डावा गुडघा भूमीला

श्राद्धात पिंड देताना कर्त्याने जानवे अपसव्य करून, म्हणजे उजव्या खांद्यावर घेऊन, डावा गुडघा भूमीला टेकवायचा असतो. देवकार्यात उजवा, पितृकार्यात डावा. आईचे सांवत्सरिक श्राद्ध थोरला म्हणून मीच दर मार्गशीर्षात करीत आलो होतो, आणि गुडघा टेकवणे हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे कृत्य आहे असे मला कधीच वाटले नव्हते. जळगावच्या हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालो, ओळखीच्या घरी पौरोहित्य करू लागलो, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नेमका तोच गुडघा निकामी होऊ लागला.

अस्थितज्ज्ञ माझा जुना विद्यार्थी निघाला. क्ष-किरणांचे चित्र प्रकाशासमोर धरून तो म्हणाला, "सर, मधली कूर्चा संपलीय. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलावा लागेल. मुंबईला करून घेऊ."

"मग मांडी घालता येईल?"

"मांडी नाही, उकिडवं बसणं नाही. आणि त्या गुडघ्यावर भार टाकून टेकायचं नाही."

"वर्षातून एकदाच, क्षणभर?"

कशासाठी, ते त्याला सांगितले. त्याने पेनला टोपण लावले. "सर, तिथं मी काय बोलणार?"

झिजलेले पुन्हा वाढत नाही का, असे मी विचारले. परदेशात रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी बाहेर वाढवून सांध्यात परत बसवण्याचे प्रयोग चालू असल्याचे त्याच्या वाचनात आले होते. "पण ते तरुणांच्या लहानशा जखमेसाठी, सर. तुमचा तर बठ्ठा, सगळाच्या सगळा सांधा गेलाय."

त्याच्या सांगण्यातला नकार मी तिथेच सोडला आणि 'वाढवून' हा एक शब्द तेवढा घरी आणला. शरीरातला एक धातू दुसऱ्याचे पोषण करतो हे आपल्या वैद्यकशास्त्राचे मूळच आहे. जे परदेशी लोक आता शोधीत आहेत ते आपल्याकडे असणारच, अशी माझी श्रद्धा होती. धुळ्याला एक वयोवृद्ध वैद्य सांध्यांच्या उपचारासाठी प्रसिद्ध होते. पत्नीला घेऊन मी एसटीने निघालो. पाय दुमडेना म्हणून तो वाटेत पसरून बसावे लागले. पारोळ्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने त्याला ठेचाळून माझी क्षमा मागितली.

वैद्यांच्या ओसरीवर सोनगीरचे एक शेतकरी भेटले. त्यांचा उजवा सांधा मुंबईत बदलला होता आणि आता डावा वाचवण्यासाठी ते इथे येत होते. धोतर वर घेऊन दोन्ही गुडघे दाखवीत ते म्हणाले, "नाना, हाऊ लोखंडना, हाऊ देवना. लोखंडना दुखस नही. देवनाच दुखस!"

मी हसलो. मग विचारले, "भाऊ, खाली बसता येतं का?"

"नही. पंगतले बी मनाकरता खुर्ची. बठ्ठा जन खाले, मी एकलाच वर, तहसीलदारसारखा."

वैद्यांनी नाडी पाहिली, गुडघा चाचपला. म्हणाले, "शास्त्रीबुवा, झीज फार झाली आहे. या अवस्थेत सर्वांत बलवान उपाय मज्जेचा. बोकडाच्या हाडांतल्या मज्जेत सिद्ध केलेला स्नेह, म्हणजे तूप-तेल, पोटात घ्यायचं."

"ते मला चालणार नाही."

"ग्रंथात आहे."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. खरोखरच ठाऊक होते. ते वचन मी वाचलेले होते. पण वाचणे निराळे आणि ते आपल्या शरीरात जाणे निराळे. वैद्यांनी आग्रह केला नाही. कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप, दुधाचे बस्ती, आणि गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल धरून ठेवणे, असे त्यांनी ठरवले. "वेदना कमी होतील. गेलेलं परत येईल असं मात्र मी म्हणत नाही," हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

परतीच्या वाटेवर पत्नी म्हणाली, "शास्त्रासाठी सांधा बदलायचा नाही, आणि शास्त्रातलं औषध घ्यायचं नाही. मग त्या गुडघ्यानं करावं तरी काय?"

मी वाटेत पसरलेला पाय दोन्ही हातांनी उचलून जरा बाजूला घेतला.

पावसाळाभर धुळ्याच्या फेऱ्या झाल्या. तेल धरलेले असे तोवर पाय हलका वाटे. उठून चार पावले टाकली की हाडे पुन्हा बोलू लागत. धाकटा भाऊ जामनेरला शिक्षक होता. संध्या त्याने मुंजीनंतर वर्षभरातच सोडली होती. तो भेटायला आला तेव्हा मी भिंतीला धरून देवघराकडे चाललो होतो.

"दादा, आई काय गुडघे तपासायला येणार आहे का?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. पण अशक्त यजमानाला तूच सांगतोस ना, पाटावर बसा, शास्त्राची अनुज्ञा आहे म्हणून? मग स्वतःवर एवढा राग कशाचा?"

अनुज्ञा होती. दुसऱ्याला ती सांगताना माझा स्वर नेहमी मायेचा असे. स्वतःला सांगू लागलो की तीच पळवाट भासे.

मार्गशीर्ष आला. पिंडदानाची वेळ झाली तेव्हा गुरुजी म्हणाले, "बसूनच द्या, चालेल." मी ऐकले नाही. एक हात पाटावर रोवून डावा गुडघा खाली नेला. तो भूमीला लागला त्या क्षणी डोळ्यांपुढे काहीच उरले नाही. आईचे गोत्र, नाव ओठांतून गेले, पिंड दर्भावर ठेवला गेला, पण तो कोणी ठेवला हे मला सांगता येणार नाही. नंतर मला दोघांनी धरून उठवले. ओल्या पंच्याने तोंड पुसताना ध्यानात आले की सकाळपासून मला आईचे मुख एकदाही आठवले नव्हते. संकल्पापासून तर्पणापर्यंत मी एका गुडघ्याचीच आराधना केली होती.

त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टर विद्यार्थ्याला होकार कळवला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. दुखणे गेले, त्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. पुढल्या मार्गशीर्षात मी खुर्चीवर, डावा पाय पुढे सोडून बसलो. चौरंगावर पिंड ठेवण्याची सोय गुरुजींनी सुचवली होती, पण पिंड भूमीवरच्या दर्भावर जावेत असे मला वाटत होते. म्हणून धाकट्याला विनवले. तो सोवळे नेसून आला. नाव-गोत्र मी उच्चारायचे, पिंड त्याने द्यायचा, असे ठरले.

"जानवं उजव्या खांद्यावर घे," मी सांगितले. "आता डावा गुडघा."

तो सहज खाली गेला. जराही आवाज झाला नाही. मी आईचे नाव घेतले. या वेळी तिचे मुख स्पष्ट दिसले, चुलीच्या उजेडात डोळे बारीक केलेले. पण त्याच क्षणी भावाच्या त्या निर्वेध वाकलेल्या गुडघ्याकडे पाहून माझ्या मनात मत्सर उठला, असा की मंत्राचा पुढचा शब्द घेताना स्वर कापला. गुरुजींना वाटले, मला गहिवरून आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.