मागच्या विंगमधलं स्वयंपाकघर

आमचे हे खडकीच्या सरकारी कारखान्यात होते, त्यामुळे आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघर असं, की फ्रिजचं दार उघडायचं तर मला आधी बाहेर यावं लागे. भिंत सरकारची, त्यामुळे साधा खिळा ठोकतानाही मनात धाकधूक. संसाराची सगळी उमेदीची वर्षं मी त्या भिंतींशी जपून वागण्यात घालवली. तक्रार नाही, पाणी मुबलक होतं, शेजार चांगला होता. पण निवृत्त झालं की क्वार्टर सोडावी लागते, आणि ह्यांची निवृत्ती जवळ यायला लागली तशी माझी झोप उडाली. मला घर हवं होतं. खरं सांगायचं तर घरही नको, स्वयंपाकघर हवं होतं. बाकीच्या खोल्या त्याच्यामागून आल्या असत्या तरी चाललं असतं.

पुण्यात तेव्हा आयटीचं वारं सुटलं होतं. हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या, बायपासच्या दोन्ही अंगांना क्रेन उभ्या होत्या आणि रविवारच्या पेपरात घरांच्या जाहिराती एवढ्या, की बातमी शोधायला चष्मा लागे. आम्ही वारज्याला, टेकडीच्या पायथ्याशी फ्लॅट बुक केला. माहितीपत्रकावर आमची विंग, तिच्यामागे हिरवीगार टेकडी आणि पुढे कुत्र्याला फिरवणारी एक गोरी बाई. मी ह्यांना विचारलं, "कुत्रा आपण आणायचा की तेच देतात?" ह्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्या बऱ्याच प्रश्नांना ते उत्तर देत नाहीत, म्हणून तर आमचं इतकी वर्षं जमलं.

त्या काळात घर बुक केलेल्या माणसांचा रविवार ठरलेला असे: बांधकाम बघायला जायचं. आम्हीही स्कूटरवरून जायचो, डबा घेऊन. मागची विंग, तिसरा मजला. भिंती अजून विटांच्याच होत्या आणि खिडकीच्या जागी नुसतं चौकोनी भोक. मी पदर खोचून त्या सिमेंटच्या धुळीत उभी राहायची आणि खडूने भिंतीवर आखायची. इथे ओटा, इथे डब्यांची मांडणी, इथे मिसळणाच्या डब्याला एक कोनाडा. दर रविवारी एखादी रेघ मी पुसायची आणि नवी मारायची. पहिल्या दोन-तीन रविवारी हे माझ्यासोबत उभे राहिले. नंतर म्हणाले, "तू आखून घे, मी खाली आहे."

डबा खायला आम्ही इमारतीच्या मागे जायचो. तिथे टेकडीचा उतार सुरू व्हायचा आणि एका हिवराच्या सावलीत दगडांचा एक ढीग होता. कमरेएवढा उंच, वरून सपाट, कधीकाळी चुना फासलेला. बसायला झकास. पोळी, बटाट्याची सुकी भाजी, ताक. मी मुद्दाम अशी बसायची, की वर बघितलं तर माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर नाकासमोर यावी. एकदा साइटवरचे साहेबही आमच्यात येऊन बसले. बिल्डरचा माणूस, पांढरा शर्ट, कमरेला दोन मोबाइल. माझं लिंबाचं लोणचं खाऊन म्हणाले, "काकू, घरचं दिसतंय." दुसऱ्यांदा मागून घेतलं. मला माणूस बरा वाटला.

खाली थांबलेल्या ह्यांना तोवर वेगळाच उद्योग सापडला होता. टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींनी तिथे झाडं लावली होती आणि एक नियम करून टाकला होता: वर जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जायचं नाही. पायथ्याला तेलाचे धुतलेले कॅन पाण्याने भरून ठेवलेले असत. एक उचलायचा, वरच्या झाडाला घालायचा, येताना रिकामा आणायचा. या सगळ्यांच्या म्होरक्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना सगळे बाई म्हणत. बाईंनी ह्यांच्या हातात कॅन दिला आणि माझा नवरा गेलाच. आधी एक कॅन, मग दोन्ही हातांत दोन. मग आठवड्यात मध्येच एखाद्या संध्याकाळी खडकीहून थेट वारज्याला. घरी येऊन मला सांगायचे, "करंजाला नवी पालवी फुटलीय." एवढ्या कौतुकाने हा माणूस आमच्या मुलाच्या मार्कांबद्दलही कधी बोलला नव्हता.

मग एका रविवारी टेकडीच्या उतारावर फक्कीच्या रेघा आणि खुंट्या दिसल्या. बाईंनी चौकशी केली, वनखात्यात चकरा मारल्या आणि निघालं ते असं. आमच्याच योजनेतली पुढची इमारत गावातल्या एका शेतकऱ्याकडून घेतलेल्या जमिनीवर होती, तिच्याबद्दल तक्रार नव्हती. मागची विंग आणि तिच्यामागून वर चढणारा नियोजित रस्ता मात्र वनखात्याच्या हद्दीत शिरल्याचा संशय होता. एकदा रस्ता वर गेला की टेकडीवर आणखी इमारती चढणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

ह्यांनी मंडळींच्या बैठकीत उभं राहून सांगून टाकलं, "मागच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे." बाई म्हणाल्या, "आपण यातून बाजूला राहिलात तरी आम्ही समजू शकतो." हे म्हणाले, "झाडांना पाणी कोण घालणार?"

घरी मी भडकले. "तुम्हाला झाडं मिळाली, मला ओटा नको? सहा महिन्यांनी क्वार्टर सोडायची आहे. करंजाखाली स्टोव्ह मांडू का?" त्या रात्री मी भाजीत मीठ जास्त घातलं, चुकून नव्हे.

वनखात्याकडून जागेच्या मोजणीचा दिवस ठरला. साइटवरच्या साहेबांनी सगळ्या फ्लॅटधारकांना फोन केले: सहकुटुंब या, आपली घरं आहेत, आपणच उभं राहायला हवं, वडापावची सोय केली आहे. मी जाणार म्हटलं. ठेवणीतली साडी नेसले. आम्ही एकाच स्कूटरवरून गेलो, हे उतरून झाडांच्या बाजूला गेले, मी घरांच्या बाजूला गेले आणि आम्ही समोरासमोर उभे राहिलो. मध्ये वनखात्याचे अधिकारी आणि मोजणीवाले. माझ्या शेजारी एका आयटी कंपनीतला मुलगा होता, आमच्याच मजल्यावर फ्लॅट घेतलेला. तो म्हणाला, "काकू, लोनचे हप्ते ऑलरेडी चालू आहेत. हे लोक टेकडीच्या नावाने आमची लाइफ हँग करतायत." मला त्याचं अगदी पटलं.

इमारतीमागची जागा मला ओळखू येईना. हिवर तोडला होता. सगळीकडे राडारोडा टाकून वर मुरूम पसरला होता. अधिकारी नकाशा घेऊन उभे होते. त्यांचं म्हणणं होतं, की इथे कुठेतरी जंगलाच्या हद्दीची जुनी खूण असायला हवी, ती सापडली तर रेघ आजच पक्की होईल. नाही सापडली तर वाद चालू राहील, आणि वाद चालू राहिला म्हणजे बांधकामही चालू राहील. हे ऐकून आमच्या बाजूचे सगळे जरा सैल झाले. मीही झाले.

साइटवरचे साहेब पुढे आले. "सर, इथे अशी खूणबिण कधीच नव्हती. हे आमचे फ्लॅटधारक बघा, वर्षभर दर रविवारी येतायत. विचारा त्यांना. काय काकू, पाहिलंत का कधी काही?"

मी अधिकाऱ्यांना विचारलं, "खूण म्हणजे कशी असते?"

"दगडांचा ढीग असतो, कमरेएवढा. चुना लावलेला."

म्हणजे वर्षभर आम्ही जंगलाच्या हद्दीवर बसून आमच्या घराकडे बघत जेवत होतो. घराच्या आणि माझ्या मध्ये आता एक 'नाही' तेवढं उरलं होतं, आणि ते म्हणायला मी तयार होते. शपथेवर सांगते, तोंड उघडलंही होतं. पण त्या साहेबांनी हसून अधिकाऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "बघा, काकूंनाच माहीत नाही. असं काही नव्हतंच."

नव्हतंच? मी जिथे बसून जेवले, ती जागाच नव्हती? माझ्या डोक्यात तिडीक गेली. झाडं, टेकडी, न्याय, यातलं काही त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं.

"अहो, असं काय करता?" मी म्हटलं. "त्यावर बसून माझं लोणचं खाल्लंत की तुम्ही! दुसऱ्यांदा मागून घेतलंत!"

साहेब म्हणाले, "काकू, आपला काहीतरी गैरसमज होतोय." त्याने तर कहरच झाला. मी साडी वर धरून त्या मुरमावर चढले, विंगकडे तोंड केलं आणि माझी खिडकी नाकासमोर येईपर्यंत सरकत गेले. जरा डावीकडे, मग थोडी मागे. वरचं चौकोनी भोक बरोबर समोर आलं तेव्हा पाय आपटून म्हटलं, "इथे खणा."

त्यांनी खणलं. विटांचे तुकडे निघाले, सिमेंटच्या फाटक्या पिशव्या निघाल्या, आणि मग चुन्याने पांढरे झालेले दगड, एकाला एक लागून. तिथपासून नकाशातल्या दुसऱ्या खुणेकडे मोजणीची साखळी तिरकी धरली गेली. रेघ मागच्या विंगला कापत जिन्यापलीकडून गेली. माझं स्वयंपाकघर पूर्णपणे जंगलात होतं.

समोरच्या बाजूला टाळ्या वाजल्या. आमच्या बाजूचा तो मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "काकू, हे काय केलंत?" वर माझी खिडकी होती आणि आत माझ्या खडूच्या रेघा होत्या. मी तिथेच मुरमावर बसून ढसाढसा रडले. बाई येऊन माझ्याजवळ बसल्या. टाळ्या वाजवल्या नव्हत्या त्यांनी, हे मी पाहिलं होतं.

परत येताना हे स्कूटर फार सावकाश चालवत होते. नदीच्या पुलाजवळ आल्यावर म्हणाले, "त्याला लोणचं द्यायलाच नको होतं." मी इतकी हसले, की त्यांना स्कूटर बाजूला घ्यावी लागली. हसता हसता पुन्हा रडू आलं, ते वेगळं.

क्वार्टर सोडल्यावर आम्ही वारज्यातच भाड्याने दोन खोल्या घेतल्या. घरमालकीण गावातल्या जुन्या शेतकरी घरातली. सामान लावून झाल्यावर चहा घेऊन आली आणि म्हणाली, "त्यो ढीग मला म्हाईत व्हता. ल्हानपणी आमी शेरडं घिऊन तितंच बसायचो."

मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"पुढली जमीन आमच्याच घरानं दिल्याली. कुनाच्या तोंडानं बोलनार?" मग जरा थांबून म्हणाली, "तुमी बोल्लासा, ब्येस झालं. तेवढं तरी ऱ्हायलं." तिने आमच्याकडून पहिल्या महिन्याचं भाडं घेतलं नाही आणि मी कितीदा विचारलं तरी कारण सांगितलं नाही.

प्रकरण लांबलं, पण रस्ता वर चढला नाही. शेवटी मागची विंग पाडली. त्या दिवशी हे नको नको म्हणत असताना मी बघायला गेले. स्वयंपाकघर खाली यायला फार वेळ लागला नाही. मागच्या विंगवाल्यांपैकी काहींनी पैसे परत घेतले, काहींना पुढच्या इमारतीत जागा मिळाली. त्यात तो आयटीतला मुलगा होता आणि आम्हीही. त्याने बरेच दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी बोलणं टाळलं. आता त्याची लहान मुलगी ह्यांच्यासोबत टेकडीवर जाते, छोटी बाटली घेऊन, आणि तो खालून "काका, तिला फार वर नेऊ नका" असं ओरडत असतो. एवढं बोलणं मला पुरतं.

नवीन ओटा आखला होता त्यापेक्षा आखूड आहे. मिसळणाच्या डब्याला कोनाडा नाही. पहिल्या आठवड्यात मी नको तितके खिळे ठोकले, निव्वळ हौसेने. राडारोडा हटवला त्या जागी बाईंनी आणि मंडळींनी झाडं लावली. निम्मी जगली नाहीत, पुन्हा लावली, मग बरीच जगली. गुडघ्यांमुळे मी वर जात नाही, पण ह्यांचे कॅन भरून ठेवणं माझ्याकडे आहे.

परवा शेजारचा फ्लॅट बघायला एक तरुण जोडपं आलं होतं. दोघंही कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत. मी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. शेजारच्या बाल्कनीतून मुलीने टेकडीकडे पाहिलं, खूश झाली आणि लगेच घर घेणाऱ्या माणसाची ती भीती तिच्या चेहऱ्यावर आली. मला विचारलं, "काकू, मागे काही होणार नाही ना? म्हणजे, हा व्ह्यू ब्लॉक नाही ना होणार?"

"होणार होतं," मी म्हटलं. "माझं स्वयंपाकघर. आता काही होत नाही."