शिकंजा रिकामा नाही

माझा शब्दकोश ‘स’पासून पुढे सुटा झाला, त्याला बरीच वर्षं झाली. रोज सकाळी शब्दकोडं घेऊन बसायचं आणि शेवटच्या अक्षरांशी आलं की पानं पंख्याच्या वाऱ्यावर घरभर. बरं, समोरच्या दारात राहतो कोण, तर बाइंडर! उभा जन्म छापखान्यात पुस्तकं बांधण्यात गेलेला माणूस. पण शब्दकोश घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं, “वहिनी, शिकंजा रिकामा नाही.”

शिकंजा म्हणजे पुस्तक दाबून ठेवायचं लोखंडी धूड. खाली फळी, वर फळी, मध्ये पुस्तक, आणि वरून आवळायचा जाडजूड स्क्रू. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने तो बाइंडरांना देऊन टाकला. चार हमालांनी तो वर चढवला आणि जिन्याचा कोपरा उडवला, तो अजून तसाच आहे.

तेव्हा त्या घरात आवाज असायचा. सुट्टी लागली की मुलगा नातीला आणून सोडायचा. ती वयाच्या मानाने लहानखुरी, म्हणून आजोबा तिला बुटकी म्हणत. ती आली की पुस्तकांचा कारखाना सुरू. आजी गॅसवर पिठाची खळ शिजवायची, आजोबा दाभणाने पानं शिवायचे, आणि बुटकी लेखिका, चित्रकार, प्रकाशक, सगळंच. ‘जिन्यातल्या मांजरीचं चरित्र’ मी वाचलंय. ‘समोरच्या आजी का ओरडतात’ हेही वाचलंय, चित्रांसकट. नाक मुद्दाम मोठं काढलं होतं कार्टीने.

पुस्तक शिवून झालं, चित्रंबित्रं चिकटवून झाली की ते शिकंज्यात जायचं. स्क्रू कोणी आवळायचा यावरून आजोबा आणि नात भांडायची, आणि आजी आपली मागे उभी राहून पानांमध्ये कसले कसले कागद सरकवत असायची. तिच्याकडे कोणाचं लक्ष नसायचं. रात्रभर पुस्तक दाबात. सकाळी ते कोणी उघडायचं याचा मात्र घरात कायदा होता. ज्याचं पुस्तक, त्यानेच शिकंजा उघडायचा. बुटकी डोळे चोळत स्टुलावर चढायची आणि दोन्ही हातांनी स्क्रू फिरवायची.

मग आजी गेली. काही दुखणं नाही, खुपणं नाही, दुपारी पडली ती उठलीच नाही. 

पुढच्या सुट्टीत बुटकी आली, तेव्हा दोघांनी आजीचं पुस्तक करायला घेतलं. आजोबा आठवून आठवून सांगत आणि ती लिहून घेई. आजी हसताना तोंडावर हात का धरायची, पहिल्या भेटीत काय बोलली, कशावरून महिनाभर अबोला धरला होता. तिच्या शिवणातले कापडाचे तुकडे, चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी, तिकिटं, दोन-चार फोटो, सगळं पानापानावर चिकटवलं. खळ आजोबांनी शिजवली. पातळ झाली, वर गुठळ्या. दोघं त्यावरून एवढी हसली की मला इकडे ऐकू आलं.

पुस्तक शिकंज्यात गेलं आणि त्याच संध्याकाळी मुलगा अचानक येऊन तिला घेऊन गेला. त्याची बदली झाली होती, नव्या शाळेत प्रवेशाची घाई होती. जिन्यातून ती ओरडली, “आजोबा, हात लावायचा नाही हं! मीच उघडणार!”

“नाही लावत गं!”

नाही लावला. पुढच्या सुट्टीत तिचा क्लास होता. त्याच्या पुढच्या सुट्टीत सहल. मग परीक्षा, मग आणखी कसली परीक्षा. फोनवर ती म्हणायची, “येते ना आजोबा,” आणि फोन ठेवून बाइंडर मला सांगायचे, “येणार आहे.” आठवड्याला स्क्रूला तेल द्यायचे, धूळ पुसायचे. इमारतीतल्या सगळ्यांना तेच उत्तर मिळे. शिकंजा रिकामा नाही.

एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, “अहो, उघडा आता तो! पोरगी मोठी झाली. तिला आठवत तरी असेल का?”

“शब्द दिलाय, वहिनी.” मग स्क्रू पुसत म्हणाले, “आणि हिच्याबद्दल मला जे जे आठवत होतं, ते सगळं त्यात आहे. आता थोडं थोडं विसरायला होतं. बुटकी आली की दोघं मिळून वाचू.”

घरी आले आणि माझी मेलीची पानं गोळा करत बसले.

आणि परवा ती खरंच आली. कॉलेजच्या मुलाखतीला जाताना वाटेत, तासाभरासाठी. बाइंडरांनी सकाळपासून कागद कापून, दोऱ्याला मेण लावून, ताजी खळ करून ठेवली होती. मी अर्थातच गेले. कोणी बोलावलं नव्हतं. बुटकी दारातून वाकून आत आली, एवढी उंच झालेली. गोड पोरगी. आजोबांच्या गळ्यात पडली, चहा प्यायली, मग तिची नजर गॅलरीतल्या शिकंज्यावर गेली.

“अय्या, हे अजून आहे? आत काय आहे, आजोबा?”

बाइंडरांनी कप खाली ठेवला. “तुझंच आहे. उघड.”

स्टूल आता लागलं नाही. स्क्रू एका हाताने फिरला. तिने पुस्तक बाहेर काढलं, वरचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. “आजीचं!” तिने ते उघडायला घेतलं, पण ते उघडेना. पानाला पान घट्ट, सगळ्याची मिळून एक फळी झालेली. तिने नखाने कोपरा सोडवून पाहिला तर तो फाटला.

“राहू दे,” बाइंडर म्हणाले. पुस्तक हातात घेऊन त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. “मेणकागद घातला नाही आपण. ओल्या पानांमध्ये मेणकागद घालावा लागतो, नाहीतर खळ सगळं धरून ठेवते. छापखान्यात मी पोरांना यावरून शिव्या घालायचो. घरी ते काम ही करायची. मी कधी बघितलंच नाही.”

“पाण्याने नाही सुटणार?” मी विचारलं.

“खळ सुटेल. शाईही जाईल.”

“काय लिहिलं होतं आपण?” बुटकी रडवेली झाली होती. “मला त्या गुठळ्याच आठवतात फक्त.”

“असंच काहीबाही,” ते म्हणाले.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिने डोळे पुसले, आजोबांना पुन्हा मिठी मारली. “आपण दुसरं करू, आजोबा. पुढच्या वेळी आले की नक्की.”

“करू की.”

गॅलरीतून ते गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. मग खळीचं पातेलं मोरीत नेऊन घासायला बसले. मला तिथे थांबवेना आणि घरी जाववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दार वाजलं. दारात बाइंडर.

“द्या वहिनी, तुमचा शब्दकोश. शिकंजा रिकामा झाला.”

किती वर्षं भांडले होते मी यासाठी! आणि आता तो कपाटातून काढायला मी उगाच वेळ लावला. सुटी पानं नीट लावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली आणि खिशातून एक पुडकं काढून मला दाखवलं.

“या वेळी मेणकागद आधीच कापून ठेवलाय,” ते म्हणाले.